पाहुण्याच्या हातात पाचशेची नोट

डिसेंबर लागला की कोथरूडमध्ये डहाणूकर कॉलनीपासून मयूर कॉलनीपर्यंत सोसायट्यांच्या दारात मोठाल्या बॅगा उतरू लागतात. न्यू जर्सीहून मुलगी येते, सोबत नातवंडं आणि तिकडचाच, म्हणजे खरोखरच तिकडचा, जावई. आजी-आजोबा खूश असतात. आठवडाभरात मात्र कट्ट्यावर एक तक्रार ऐकू येते : ‘जावईबापूंना इथे साधा चहा घेता येत नाही हो!’

पैसे नसतात असं नाही. पाकिटात दोन-तीन क्रेडिट कार्डं असतात. पण कर्वे पुतळ्याजवळच्या अमृततुल्यात ती दाखवून उपयोग नाही, कारण तिथे कार्ड घासायचं मशीन कधी आलंच नाही. कार्डावर पैसे घेतले की दुकानदाराला टक्केवारी सोडावी लागते. यूपीआयवरचं तसं शुल्क सरकारने १ जानेवारी २०२० पासून शून्यावर आणलं. क्यूआरचा कागद फुकट चिकटवता येत असताना एका कटिंगसाठी मशीनचं भाडं कोण भरेल? आपण रोखीवरून थेट यूपीआयवर उडी मारली आणि कार्डाची मधली पायरी गाळली. परदेशी प्रवासी नेमका त्याच पायरीवर उभा आहे.

२०१६ साली सुरू झालेल्या यूपीआयने ऑगस्ट २०२५ या एका महिन्यात २००० कोटींहून जास्त व्यवहार केले, रक्कम सुमारे २४.८५ लाख कोटी रुपये. या आकड्यांचा अभिमान मलाही आहे. पण त्यामागे इथलं बँक खातं आणि त्याला जोडलेला मोबाइल नंबर गृहीत धरलेला आहे. पाहुण्याकडे यातलं काहीच नसतं.

मग रोख. रोखीला कायद्याने कोणी हात लावलेला नाही. पंचाईत होते ती सुट्ट्यांची. पौड रस्त्यावरच्या भाजीच्या गाडीपाशी मध्ये एक गोरा गृहस्थ उभा होता. हातात कोथिंबिरीची जुडी, लिंबं आणि पाचशेची करकरीत नोट. मावशींनी नोटेकडे पाहिलं, गल्ल्याचा डबा उघडून त्याच्यासमोर वाकडा केला : आत तीन-चार नाणी आणि दहाची एक मळकी नोट. ‘सकाळधरनं सगळे स्कॅनच करत्यात, सुट्टे आणू कुठून?’ शेवटी मागून सासूबाई आल्या, त्यांनी फोन काढला, पेटीने रक्कम पुकारली. चाळिशीचा माणूस खाऊचे पैसे मिळालेल्या पोरासारखा बाजूला उभा.

मावशी अडवणूक करत नव्हत्या. गिऱ्हाइकांच्या दहा-वीसच्या नोटांवरच तर गल्ला चालायचा. त्या नोटा फिरायच्या थांबल्या आणि पाचशेची नोट खरी असून गाडीवर निरुपयोगी झाली. रिझर्व्ह बँकेलाही हे कळलेलं दिसतं. २८ एप्रिल २०२५ च्या परिपत्रकाने बँकांना सांगितलं, की ३१ मार्च २०२६ पर्यंत ९० टक्के एटीएममधून शंभर किंवा दोनशेच्या नोटा मिळाल्याच पाहिजेत. ठीक आहे, पण चहाला शंभरची नोटसुद्धा मोठीच.

पाहुण्यांसाठी सरकारी सोय आहे, हे बहुतेक यजमानांच्या गावीही नसतं. जी-२० च्या निमित्ताने फेब्रुवारी २०२३ मध्ये ‘यूपीआय वन वर्ल्ड’ नावाचं वॉलेट आलं. २०२४ च्या जुलैत ते सगळ्या देशांच्या प्रवाशांना खुलं झालं. पासपोर्ट आणि व्हिसा दाखवायचा, परकी चलन किंवा कार्डाने पैसे भरायचे आणि आपल्यासारखंच स्कॅन करायचं. उरलेले पैसे परत मिळतात. भारतातलं बँक खातं लागत नाही.

यात एक मेख आहे. या वॉलेटातून फक्त व्यापाऱ्याला पैसे देता येतात, व्यक्तीला नाही. आता कोथरूडच्या गाड्यांवरचे क्यूआर जरा निरखून पाहा. काही दुकानाच्या नावाचे असतात, काही चक्क मावशींच्या मुलाच्या खासगी खात्याचे. स्कॅन केलं की कुठल्या तरी सचिनचं किंवा गणेशचं नाव झळकतं. आपल्याला त्याने काही फरक पडत नाही, पाहुण्याचं वॉलेट मात्र तिथे अडतं. म्हणजे मॉलमध्ये, जिथे त्याचं कार्डही चाललं असतं, तिथे हे वॉलेट हमखास चालणार आणि गाडीवर नशिबावर. योजना आखणाऱ्यांनी पाहुण्याला शोरूममध्ये कल्पिलं, गाडीपाशी नाही, असा माझा दाट संशय आहे.

मुलीचं बरं आहे. तिचं इथलं एनआरओ खातं असेल, तर जानेवारी २०२३ च्या निर्णयानुसार अमेरिकेतल्या नंबरावरही यूपीआय चालू शकतं. अमेरिका त्या पहिल्या दहा देशांत आहे. फक्त तिच्या बँकेने ती सोय दिलेली हवी.

चीनमध्ये हीच ओरड होती. २०२३ मध्ये तिथल्या अलीपे आणि वीचॅटने परदेशी कार्डं थेट आपल्या ॲपला जोडू दिली आणि प्रवासी फुटपाथवरच्या विक्रेत्याचाही कोड स्कॅन करू लागला. आपल्याकडे वॉलेट काढा, पडताळणी करा, पैसे भरा, मग चहा. कार्ड थेट जोडू द्यायला इथे कोणाचा विरोध आहे? खर्चाचा प्रश्न असेल तर तो पाहुण्याकडून घ्या. चार टक्के जास्त द्यायला तो आनंदाने तयार होईल. सासूबाईंपुढे हात पसरणं त्याला त्याहून महाग पडतं.

तोवर कोथरूडकर यजमानांनी जावई यायच्या आधी बँकेत जाऊन दहा-वीसच्या नोटांची दोन बंडलं आणून ठेवावीत. मिळतात, काउंटरवर जरा चिकाटी लागते, आणि ती आपल्याकडे आहे. एटीएमवर ‘रक्कम डॉलरमध्ये बदलून दाखवू का’ असं विचारलं, तर नाही म्हणायचं हेही जावयाला सांगून ठेवा, तो दर सहसा प्रवाशाच्या खिशाला भारी असतो. आणि मावशींच्या सचिनला कोणीतरी दुकानाच्या नावाचा क्यूआर काढून द्या.