कार्ड लहानच घ्या

मेमरी कार्ड घ्यायचं तर सगळ्यात मोठं घ्यावं, एकदाच काय ते होऊन जातं, असं मानणारे आमच्या घराण्यात बहुसंख्य आहेत. माझं मत बरोब्बर उलटं. हल्ली भाचेकंपनीने कपाटातले जुने डिजिटल कॅमेरे बाहेर काढलेत (तसले फोटो म्हणे आता 'भारी' दिसतात!), म्हणून हा लेखनप्रपंच.

मुळात मोठं कार्ड जुन्या कॅमेऱ्याला चालेलच असं नाही. साध्या एसडी कार्डाची मर्यादा २ जीबी. त्यापुढची, ३२ जीबीपर्यंतची एसडीएचसी कार्डं २००६ साली आली आणि एसडीएक्ससी २००९ साली. आकार तिन्हींचा एकच, खाचेत बसतातही झक्क; पण २००४-०५ चा कॅमेरा ८ जीबीचं कार्ड पाहून सरळ हात वर करतो. ऑलिंपस आणि फुजीच्या त्या काळातल्या बऱ्याच कॅमेऱ्यांना तर एक्सडी कार्ड लागतं. ते आता जुनंच शोधावं लागतं.

वेगाचे मोठमोठे आकडे काँपॅक्ट कॅमेऱ्याला पेलत नाहीत. क्लास १० म्हणजे सेकंदाला किमान १० एमबी लिहिण्याची हमी. तेवढं पुष्कळ झालं.

पण माझा खरा मुद्दा वेगळाच आहे. १० मेगापिक्सेलचा फोटो साधारण ४ एमबीचा धरला, तर ८ जीबीत दोन हजार फोटो मावतात. म्हणजे ३६ फोटोंचे पंचावन्न रोल! रोल संपला की धुवायला टाकावाच लागायचा, मग फोटो आपोआप अल्बमात यायचे. मोठं कार्ड संपतच नाही, त्यामुळे ते कुणी रिकामंही करत नाही. आमच्या आत्याचं सहस्रचंद्रदर्शन, नातवाची मुंज, तिची शेवटची दिवाळी, सगळं चार वर्षं एकाच कार्डावर होतं. एका प्रवासात कॅमेरा बसमध्ये राहिला तो राहिलाच. आता भिंतीवर आत्याचा जो फोटो आहे, तो पेन्शनच्या कागदांसाठी काढलेला, मोठा करून घेतलेला. त्यात ती घाबरल्यासारखी दिसते. खरं तर जन्मभर खिदळणारी बाई.

म्हणून म्हणतो, दोन लहान कार्डं घ्या. एक हरवलं तर निम्मं तरी हाती राहतं, आणि भरलं की उतरवून घ्यावंच लागतं.

फार स्वस्त मिळालं तर सावध. नकली कार्डात ८ जीबीची चिप ६४ सांगते. भरेपर्यंत काही कळत नाही, मग पुढचे फोटो उघडतच नाहीत. आणल्यावर एच२टेस्टडब्ल्यू किंवा एफ३ या मोफत प्रोग्रॅमने पूर्ण भरून तपासा. वेळ लागतो, लागू दे. लग्नाच्या आदल्या रात्री मात्र हे करत बसू नका.

फॉरमॅट कॅमेऱ्यातच करावं, पण आधी फोटो दोन ठिकाणी उतरलेत ना, हे उघडून बघावं. चुकून पुसले गेलेच, तर पुढचा एकही फोटो न काढता कार्ड बाहेर काढा. फोटोरेक नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, ते बरेचदा परत मिळवून देतं.