जाळ घालणारा आणि गुळव्या

गेल्या मंगळवारी येथील एका सभागृहात हिवतापावर व्याख्यान झाले आणि ‘जनुक मोडले, प्रथिनाच्या कार्याचा उलगडा झाला’ असे एका दमात उच्चारून वक्ते महाशय पुढल्या स्लाइडकडे वळले, तेव्हा ‘उलगडा’ या शब्दाशी माझे असलेले जुने वैर ज्यांना ठाऊक आहे त्या वाचकांनी माझी मुद्रा कशी झाली असेल ते कल्पावे.

जे मोडल्यावर काम थांबते, ते काम त्याचेच, हा न्याय गुऱ्हाळावर ज्याने एक रात्र काढली आहे त्याला पटणार नाही. चुलवणात जाळ घालणाऱ्याला घरी बसवा. काहिलीतला रस उकळणार नाही, ढेप पडणार नाही. पण म्हणून गूळ तोच करतो असा शेरा मारणारा कारकून आपल्या कचेऱ्यांतच सापडेल, कारण आदण केव्हा उतरावयाचे हे ठरविणारा गुळव्या निराळाच असतो, हे करवीर तालुक्यातील पोरासही कळते. गैरहजेरीने गरज सिद्ध होते, हुद्दा नव्हे.

१९९७ साली न्यूयॉर्क विद्यापीठातील रोबेर मेनार आणि नुसेन्झ्वाइग दांपत्य आदींनी उंदरांना हिवताप देणाऱ्या प्लाझ्मोडियम बर्घेईचे एक जनुक मोडले. रक्तावस्थेत या जंतूपाशी प्रत्येक जनुकाची एकच प्रत असल्याने एक घाव पुरतो. जनुक होते स्पोरोझोइटच्या, म्हणजे डासाच्या डंखातून शिरणाऱ्या जंतुरूपाच्या, अंगावरील त्या प्रथिनाचे, ज्याच्याकडे यकृताच्या पेशीला चिकटण्याची कामगिरी असल्याचे समजले जाई आणि ज्याच्या अंशावर पुढे हिवतापाची आरटीएस,एस लस उभी राहिली. जंतू रक्तात सुखेनैव वाढला, डासाच्या जठरावर त्याच्या पुटीही धरल्या. परंतु पुटींत स्पोरोझोइट जवळजवळ घडलेच नाहीत. म्हणजे जाळच विझला, आणि यकृताच्या दारातल्या गुळव्याची परीक्षा घ्यावयाची राहूनच गेली! त्याच वर्षी ज्याचे जनुक मोडले त्या ‘ट्रॅप’ नावाच्या दुसऱ्या प्रथिनाच्या बाबतीत मात्र स्पोरोझोइट घडले, फक्त त्यांना सरकता येईना व डासाच्या लालाग्रंथीत शिरता येईना. तेथे वक्त्यांचा ‘उलगडा’ मी नाइलाजाने मान्य करतो.

मोडतोडीची ही वाट सोडून पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील धनशेखरन शण्मुगम यांच्या गटाने २०१८ साली हिवतापाच्या जंतूच्या नात्यातल्या टॉक्सोप्लाझ्माचे एटीपी सिंथेज हे पेशीला ऊर्जा पुरविणारे यंत्र अखंड बाहेर काढून त्यात कोण कोण आहे हे पाहिले, आणि त्यातले पुष्कळ भाग या जंतूच्या गोताबाहेरील जिवांत न आढळणारे निघाले. ही गुऱ्हाळ चालू असताना माणसे मोजण्याची रीत मला अधिक सभ्य वाटते, माझ्या या मताला पुरावा नसला तरी.

समारोपात वक्त्यांना गुळाची ढेप भेट देण्यात आली. ती कोणी केली, हे त्यांनी विचारले नाही.

— करवीरकर