पांढरीतली भोकं

मार्च २०२५मध्ये बुऱ्हाणपूरजवळ असीरगडाच्या पायथ्याला माणसं रात्री बॅटऱ्या लावून दुसऱ्याची शेतं उकरत होती. ‘छावा’ सिनेमा नुकताच लागलेला. त्यातच आवई उठली, की रस्त्याच्या कामाची माती शेतात टाकली आणि तिच्यातून मोगलांची सोन्याची नाणी निघाली. झालं! फावडी आली, चाळण्या आल्या, धातू शोधायची मशीनंही आली. पोलिसांना मधी पडावं लागलं. त्याचे व्हिडिओ दोन दिवसांत आमच्या पाटसच्या पोरांच्या मोबाईलवर, आणि तिसऱ्या दिवशी माझा भाचा ओसरीवर हजर.

“मामा, मशीन घ्यायचंय. कोणचं घिऊ?”

मी दहावीपर्यंत शिकलेला माणूस. पण मोटार, पंप, फवारा असलं काही घ्यायचं झालं की लोक मला विचारतात, कारण मी चार दुकानं फिरून, खोलून बघून मगच पैसे देतो. म्हणून त्यानं विचारलं. मी म्हणालो, बघून सांगतो. बघितलं, वाचलं, एक मशीन दोन दिवस भाड्यानं आणून वापरलंही. त्याला दिलेलं उत्तर इथं लिहितोय, कारण हा प्रश्न आता एकट्या माझ्या भाच्याचा राहिलेला नाही.

आधी मशीनचं सांगतो. खालच्या थाळीत तांब्याच्या तारेची गुंडाळी असते. तिच्यातून उलटसुलट वीज फिरली की भोवती चुंबकाचं क्षेत्र तयार होतं. त्यात धातू आला की धातूच्या अंगात बारीक वीज खेळते आणि तिचा परिणाम थाळीला जाणवतो. मग पीं वाजतं. एवढंच आहे ते. मशीनला सोनं कळत नाही. वीज वाहून नेणारं काहीतरी खाली आहे, एवढंच त्याला कळतं.

दोन जाती आहेत. एक व्हीएलएफ, म्हणजे कमी फ्रिक्वेन्सीवर चालणारं. हे लोखंड कुठलं, तांबं-चांदी कुठली याचा बराचसा अंदाज देतं. दुसरं पल्सचं. ते थोडं खोल जातं, खनिजाच्या जमिनीतही बऱ्यापैकी चालतं, पण लोखंड आणि बाकीचं यांची निवड करायला कच्चं. थाळी मोठी असली तर खोल जाते, पण बारीक वस्तू सुटते. लहान थाळी कचऱ्याच्या जागी बरी. आणि आपल्याकडं सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जमिनीशी जुळवून घ्यायची सोय मशीनमध्ये पाहिजे, ज्याला ते ग्राउंड बॅलन्स म्हणतात. आपली काळी माती म्हणजे काळ्या खडकाची भुकटी. पोरं लोहचुंबक मातीत फिरवून काळा चुरा गोळा करतात, तो तिचाच. ही सोय नसलेलं मशीन आपल्या रानात भुकेल्या वासरासारखं सारखं ओरडत राहतं. भाजलेल्या विटेवर, जुन्या चुलीच्या जागेवरही ओरडतं.

खोलीचं म्हणाल तर नाण्याएवढी वस्तू साधारण वीतभर. कधी थोडं जास्त, पुष्कळदा कमी. दुकानदार हातभर म्हणाला तर त्याला आपल्या बांधावर आणा. एक रुपया वीतभर पुरा, वर पाय देऊन माती दाबा आणि म्हणा, आता दाखव. पैसे त्यानंतर.

भाच्याला मात्र वीतभर नको होतं. त्यानं व्हिडिओत वीस फूट खोलीवरचं सोनं दाखवणारं यंत्र बघितलं होतं. दोन कांड्या हातात धरायच्या, त्या आपोआप सोन्याकडं वळतात म्हणे, तेही लांबून! अरे, विहिरीचं पाणी बघणाऱ्याच्या हातातली बेचक्याची काठी आणि ही कांडी एकाच झाडाची. फरक एवढाच, की काठीवाला नारळावर भागवायचा आणि कांडीवाला लाखात मागतो. तांदूळ ओढून घेणारं भांडं, ज्याला राईस पुलर म्हणतात, तेही ह्याच कुळातलं. परदेशातली अवकाश संस्था ते कोट्यवधीला घेते असं सांगून शहाण्यासुरत्या माणसांना फसवलेलं आहे. ही फसवाफसवी अडाण्यांचीच होते असं समजू नका. २०१३मध्ये उत्तर प्रदेशात डौंडिया खेडा इथं एका साधूच्या स्वप्नात हजार टन सोनं आलं आणि सरकारी पुरातत्त्व खात्यानं तिथं खोदकाम लावलं. सोनं निघालं नाही. स्वप्न बघायला इयत्ता लागत नाही.

भाड्यानं आणलेल्या मशीननं मला काय सापडलं तेही सांगतो. घरच्या दीड एकरात तीन बोल्ट, कुळवाच्या फाशीचा तुकडा, तारेची भेंडोळी, बाटल्यांची बुचं आणि गोळ्यांच्या पाकिटांचा चंदेरी कागद, तो तर ढिगानं. हा कागद आणि बारीक सोनं मशीनला जवळजवळ सारखंच ऐकू येतं. कागद सोडून द्यावा तर सोनंही सुटतं. दुसऱ्या दिवशी मात्र कामाचं निघालं. आमच्या मंडळींच्या मंगळसूत्राची एक वाटी कांदा काढताना गेली होती. सात दिवस ती बाई धड जेवली नव्हती. दोन बोटं मातीखाली सापडली. त्या दिवशी मला मशीन आवडलं. त्यामुळं मी मशीनच्या विरोधात आहे असं कुणी समजू नये. हरवलेलं शोधायला, नांगराचा फाळ, ट्रॉलीची पिन, पुरलेला पाइप शोधायला ते झकास आहे.

माझं भांडण आहे ते पांढरीत पडणाऱ्या भोकांशी.

शहरातल्या वाचकासाठी सांगतो. गावाची जमीन दोन प्रकारची, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची. पांढरी म्हणजे वस्तीची. शेकडो वर्षं माणसं राहिली, चुलीची राख पडली, भिंती पडल्या, त्यावर पुन्हा भिंती उठल्या, तिथली माती पांढरट होते. गाव उठून गेलं तरी टेकाड राहतं. भीमेच्या आणि घोडनदीच्या काठानं अशी टेकाडं आहेत. भाच्याला मशीन घेऊन तिथंच जायचं होतं. “मामा, तिथं जुनं गाव व्हतं. मंग धन आसनारच की!”

त्याला रागवायचा अधिकार मला नव्हता. मी अठरा वर्षांचा असताना वडिलांबरोबर त्याच पांढरीतून बैलगाडीनं माती आणलेली आहे. सगळेच आणायचे. धाब्यावर टाकायला चांगली, रानात टाकली तर खत. एका खेपेला माझ्या कुदळीनं गाडगं फुटलं. आत हिरवी पडलेली तांब्याची नाणी, एकमेकाला चिकटून गठ्ठा झालेला. दोन-चार मी चिंचेनं घासली. एका अंगाला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या अंगाला ‘छत्रपति’. मला अक्षर वाचता येत होतं, हे मुद्दाम लिहितो. वाचलं, वडिलांना दाखवलं, आणि दुसऱ्या दिवशी आम्ही तो सगळा गठ्ठा मोडीच्या भावानं विकला. त्या पैशात बैलांचे कासरे आणि पेंडीचं अर्धं पोतं आलं. शिवजयंतीला आज गावात डीजे लागतो तेव्हा मला ते गाडगं आठवतं. त्या नाण्यांसोबत खाली अजून काय होतं, घर होतं का, दुकान होतं, कशाच्या भीतीनं कुणी ते पुरलं होतं, ते माझ्या कुदळीनंच कायमचं पुसलं.

कुणी म्हणेल, चार शिवराया गेल्या तर काय बिघडलं, वस्तुसंग्रहालयात पोत्यानं आहेत. त्यानं इनामगावचं ऐकावं. आमच्या पाटसहून भीमा ओलांडून उत्तरेला गेलं की शिरूर तालुक्यात घोडनदीच्या काठी इनामगाव आहे. तिथल्या टेकाडांत डेक्कन कॉलेजच्या लोकांनी १९६८पासून १९८३पर्यंत बारा हंगाम खोदकाम केलं. सांकळिया, ढवळीकर, अन्सारी ही माणसं. कुदळीनं कमी आणि लहान सुरीनं, ब्रशनं जास्त. निघालं काय? साधारण साडेतीन हजार वर्षांपूर्वी वसलेलं शेतकऱ्यांचं गाव. शंभरावर घरं. जळून कोळसा झालेलं सातूचं धान्य. पुराचं पाणी वळवून रानाला द्यायचा पाट आणि बांध. घराच्या जमिनीखाली पुरलेली माणसं. मोठ्या माणसांचे घोट्यापासून पाय तोडलेले, बहुधा मेलेल्यानं घर सोडून जाऊ नये म्हणून. लहान लेकरं दोन मडक्यांची तोंडं एकमेकाला लावून त्यात ठेवलेली. एक माणूस तर चार पायांच्या मोठ्या मातीच्या रांजणात मांडी घालून बसवलेला, त्याचे पाय मात्र शाबूत.

आता मला सांगा, ह्यातल्या कशावर मशीन वाजलं असतं? सातूवर? पाटावर? लेकराच्या मडक्यावर? आमच्या आधी ह्याच दुष्काळी पट्ट्यात पाटपाण्याची शेती करणारा माणूस होता, आणि पाऊस हटत गेला तसा तो शेवटी शेरडं-मेंढरं हाकत फिरायला लागला, हे ज्या मातीनं सांगितलं तिच्यात मशीनला काहीच ऐकू आलं नसतं. जे वाजतं तेवढंच उचलायचं म्हणून पोरगं भोक पाडतं आणि जे वाजत नाही ते सगळं त्या भोकात जातं. थर एकदा मिसळले की देव आला तरी वेगळे होत नाहीत.

आणि वस्तू मोलाची निघाली तरी ती एकटी मुकीच राहते. प्रवरेच्या काठी दायमाबादला १९७४मध्ये झाडाची मुळं खणताना एका शेतकऱ्याला काशाच्या चार मूर्ती सापडल्या. हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलजोडीचा रथ हाकणारा माणूस. वजन मिळून साठ किलोंच्या वर. ते नशिबानं मोडीत गेलं नाही, जगभर नाव झालं. पण त्या मूर्ती थरातून रीतसर निघाल्या नाहीत, म्हणून त्यांचं वय काय यावर जाणकारांचे वाद झाले. तिथं त्या शेतकऱ्याचा काही दोष नव्हता. मशीन घेऊन मुद्दाम जाणाऱ्याचा मात्र आहे.

धनाच्या नादानं आपल्या मुलखात याहून वाईट झालंय. मानवतला १९७२ ते १९७४च्या दरम्यान बाया आणि पोरींचे खून पडले, त्यामागं गुप्तधनाचाही नाद होता. पायाळू माणसाला जमिनीतलं दिसतं म्हणून अजून त्याला शोधत येणारे आहेत. २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुप्तधनासाठी चालणारी अघोरी कामं आली, ती काही हौसेनं घातलेली नाहीत. मशीन आलं की हे बंद होईल असं भाच्याला वाटतं. मला नाही वाटत. मशीन वाजलं आणि खाली काहीच निघालं नाही, की माणूस म्हणतो राखणदारानं धन सरकवलं, आणि मांत्रिकाचा नंबर फिरवतो.

आता कायद्याचं, आणि इथं मला कचेरीशीही भांडायचंय. १८७८चा निखात निधीचा कायदा अजून चालू आहे. दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही जमिनीत सापडलं तर कलेक्टरला लेखी कळवायचं. लपवलं तर वाटा जातो आणि एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. हे लोकांना अर्धंमुर्धं माहीत असतं, कारण भीतीची बातमी लवकर पोचते. पण पुढचं कुणाला माहीत नाही. धनाला कुणी मालक निघाला नाही, तर आधी काही ठरलेलं नसल्यास सापडणाऱ्याचे तीन हिस्से आणि जमीनमालकाचा चौथा. सरकारला ते ठेवून घ्यायचं असेल तर किमतीवर पाचवा हिस्सा जास्त द्यावा लागतो. इंग्रजांनी केलेला कायदा, पण सापडणाऱ्याला चोर मानून केलेला नाही.

चोर मानते ती रीत. आपल्याच जिल्ह्यात, चिखलीला २०२१मध्ये बांधकामाच्या मातीत सोन्याची २१६ नाणी निघाली. ज्यांना सापडली त्यांनी ती लपवली, आणि ती उजेडात आली पोलिसांच्या हातून. त्या मजुरांना तीन हिश्श्यांचं कुणी कधी सांगितलं असेल का? मी स्वतः एकदा बांधात निघालेल्या वीरगळाची खबर द्यायला एका कचेरीत गेलो होतो. साहेब म्हणाले, “कशाला लफड्यात पडता? सातबाऱ्यावर भानगड होईल.” पोच दिली नाही. वीरगळ मी देवळाच्या भिंतीला टेकवून ठेवला, तो तिथंच आहे. कचेरीच असं बोलत असेल तर गावातलं गाडगं मोडीत जाणारच, हे मी अनुभवानं सांगतो.

इंग्लंडमध्ये १९९२ला हॉक्सन गावात एका शेतकऱ्याचा हातोडा रानात हरवला. त्यानं मित्राला बोलावलं, मित्राकडं मशीन होतं. हातोड्याच्या जागी सोन्या-चांदीची रोमन नाणी वाजायला लागली. त्यांनी भोक मोठं करत बसण्याऐवजी हात थांबवला आणि कळवलं. दुसऱ्या दिवशी जाणकार आले, पेटी जशी पुरली होती तशी थरानं उचलली. सुमारे १५ हजार नाणी निघाली. मित्राला साडेसतरा लाख पौंड मिळाले आणि त्यानं ते शेतकऱ्याबरोबर वाटून घेतले. हातोडाही सापडला, तो आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. तिथली माणसं आपल्यापेक्षा देवभोळी कमी किंवा प्रामाणिक जास्त, असं मी म्हणणार नाही. कळवलं तर बुडणार नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

भाच्यानं शेवटी मशीन घेतलंच. ग्राउंड बॅलन्सवालं, व्हीएलएफ, मधल्या थाळीचं, बांधावर रुपया पुरून तपासून. पांढरीत जाणार नाही असं त्यानं आईची शपथ घेऊन सांगितलंय. कायद्यातली वाट्याची कलमं ग्रामसभेत मोठ्यानं वाचावीत आणि काही सापडल्यास तलाठ्यानं जागेवर पोच द्यावी, असा अर्ज आम्ही दोघांनी सहीनिशी दिला. दोन सभा झाल्या, पाणीपट्टी आणि गटारीच्या पुढं गाडी गेली नाही. मशीन आमच्या ओसरीत खुंटीला असतं. कांदा काढणीला बायका मागून नेतात. आतापर्यंत दोन जोडवी, एक फुली आणि एका खुरप्याचं पातं परत गेलंय. पांढरीवर मात्र गेल्या अमावास्येनंतर कमरेएवढी तीन भोकं नवीन दिसली. ती कुणाची ते गावाला माहीत आहे, पण सांगायला कुणी पुढं येत नाही.