आईचे सहा बाइट्स

परवा कपाट आवरताना एक सीडी सापडली. वर बाबांच्या हस्ताक्षरात: 'आठवणी, २००४'. बाबा आता नाहीत. मित्राचा ड्राइव्ह उसना आणून फाइल उघडली, तर स्क्रीनवर इंग्रजी अक्षरं, कंस, डॉलर यांची नुसती भेळ! पोटात गोळाच आला.

"अगं, फाइल शाबूत आहे," मित्र म्हणाला. "तुझ्याकडे तो फॉन्ट नाहीये, एवढंच."

म्हणजे बघा, कॉम्प्युटरला अक्षर कळतच नाही. कळतो तो फक्त आकडा. १९६३ साली आलेल्या 'आस्की' संकेतात जागा १२८, त्यात मराठीला एकही नाही. मग आपल्या फॉन्टवाल्यांनी जुगाड केला. इंग्रजी अक्षराच्या आकड्यावर मराठी अक्षराचं चित्र बसवलं. त्यातही प्रत्येकाचं वाटप वेगळं! फॉन्ट गेला की खालचं इंग्रजी उघडं पडतं.

युनिकोडने हे भांडण मिटवलं. प्रत्येक अक्षराला स्वतःचा आकडा दिला. आता 'क' म्हणजे २३२५, फॉन्ट कुठलाही असो. यूटीएफ-८ पद्धतीत इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, आपल्या अक्षराला तीन. लागू देत की!

मित्राने कन्व्हर्टर शोधला आणि मजकूर युनिकोडमध्ये आणला. बाबांचा पहिलाच शब्द होता 'आई'. दोन अक्षरं, सहा बाइट्स. वीस वर्षं तिथेच होती, फक्त वाचता येत नव्हती.

तुमच्याही घरी अशी एखादी सीडी असेलच. या रविवारी पिक्चर राहू दे, आधी ती उघडा.