पोर्शे ९२४ आणि कुळाचा अहंकार

१/ पोर्शे ९२४ या गाडीची ओळख आजही एका तुच्छतेच्या वाक्याने करून दिली जाते : ‘ती खरी पोर्शे नव्हेच, तिच्यात मालवाहू व्हॅनचे इंजिन होते.’ हे अर्धसत्य आहे, आणि गेली पन्नास वर्षे ते इतिहास म्हणून खपवले जात आहे.

२/ १९७०च्या दशकाच्या आरंभी फोक्सवॅगनने पोर्शेकडून एका परवडणाऱ्या स्पोर्ट्‌स कारचा आराखडा करून मागितला. ‘ईए ४२५’ हे प्रकल्पाचे नाव. खर्च आटोक्यात राहावा म्हणून सुटे भाग शक्यतो फोक्सवॅगन-आउडीचेच वापरायचे होते.

३/ १९७३च्या तेलसंकटाने गणित विस्कटले. १९७५ साली फोक्सवॅगनची सूत्रे टोनी श्म्युकर यांच्याकडे आली आणि कंपनीने प्रकल्पातून अंग काढून घेतले. तेव्हा पोर्शेने आपणच केलेला आराखडा विकत घेतला.

४/ गाडी बांधायची ठरली नेकारझुल्म येथे, एनएसयूच्या जुन्या कारखान्यात. तो बंद पडण्याच्या बेतात होता. एप्रिल १९७५मध्ये हजारो कामगारांनी हाइलब्रॉनपर्यंत मोर्चा काढला होता. टीकाकारांच्या कथनात हे कामगार कुठेच दिसत नाहीत.

५/ आता इंजिनाविषयी. १९८४ सीसीचे ते चार सिलिंडरांचे इंजिन मुळात आउडीचे. त्याचेच निराळे रूप फोक्सवॅगनच्या एलटी व्हॅनमध्ये बसले, हे खरे. परंतु ९२४मध्ये ते इंधन-इंजेक्शनसह १२५ अश्वशक्ती देत होते. शिवाय इंजिन पुढे, गिअरबॉक्स मागच्या आसाशी आणि दोहोंना जोडणारी भक्कम नळी, अशा रचनेमुळे वजन पुढे-मागे जवळजवळ समसमान विभागले गेले. वळणावर गाडी स्थिर राहण्याचे रहस्य हेच.

६/ दोष होते, ते झाकण्याचे कारण नाही. इंजिन कर्कश होते, आरंभीच्या गाड्यांना चारच गिअर होते, मागे ड्रम ब्रेक होते. अमेरिकेत तर सुरुवातीला अवघी ९५ अश्वशक्ती मिळे. मात्र गाडीचे दोष दाखवणे वेगळे आणि तिचे कूळच नाकारणे वेगळे.

७/ कुळाचाच प्रश्न असेल, तर १९४८ साली ऑस्ट्रियातील ग्म्युंड येथे जन्मलेल्या ३५६चे काय? पोर्शेचे नाव धारण करणाऱ्या त्या पहिल्या गाडीचे इंजिन फोक्सवॅगनच्या बीटलवरून घेतलेले होते. नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ विचारू नये म्हणतात. शौकिनांनी ३५६ला ऋषी मानले आणि ९२४च्या दारात मात्र वंशावळ मागितली.

८/ रणांगणाचा कौलही पाहावा. १९८०च्या ल मां शर्यतीत ९२४ कॅरेरा जीटी सहाव्या, बाराव्या आणि तेराव्या क्रमांकावर आल्या. पुढे नावाजलेली ९४४ याच सांगाड्यावर उभी राहिली. ९२४च्या स्वतःच्या १ लाख २० हजारांहून अधिक गाड्या बांधल्या गेल्या.

९/ मग राग कशाचा? उसने इंजिन ३५६चेही होते. ९२४चा खरा अपराध एवढाच, की ती स्वस्त होती आणि तिने उंबरठ्याबाहेरच्या माणसालाही आत घेतले. ‘अस्सल’ हा शिक्का बहुधा आधीच आत बसलेले लोक मारतात. इतिहास वाचणाऱ्याने शिक्क्याआधी तो मारणारा हात पाहावा.