जीप अडली तरी विचार अडू नये

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत विलीस जीप तयार झाली. युद्ध संपल्यावर, १९४० च्या दशकाच्या अखेरीस, मुंबईत तिची जुळणी होऊ लागली आणि ओढ्यानाल्यांतून व घाटवाटांवरून जाणारी ही गाडी महाराष्ट्राच्या चांगलीच परिचयाची झाली. अशा काही जुन्या जीपगाड्या हौशी मंडळींनी आजही जपून ठेवल्या आहेत. वय झालेल्या या गाडीची एक तक्रार ठरलेली असते. सकाळी ती लवकर सुरू होत नाही आणि झालीच, तर गचके खात, थरथरत चालते. मग प्लग बदलतात, पॉइंट बदलतात, कॉइल बदलतात, कार्ब्युरेटर खोलतात. एकाच दिवसात चार गोष्टी बदलल्या जातात. गाडी सुरू झाली तर सारे खूश. पण कशामुळे सुरू झाली, हे विचारले तर कोणालाच सांगता येत नाही.

विद्यार्थी मित्रांनो, ज्या दुरुस्तीनंतर बिघाडाचे कारण सांगता येत नाही, ती दुरुस्ती माझ्या मते अर्धीच होय. आणि बिघाड शोधून काढणे हा विज्ञानाचा इतका चांगला धडा आहे, की तो शाळेतच शिकवला गेला पाहिजे.

प्रथम इंजिनाला काय हवे असते ते पाहू. पेट्रोलच्या इंजिनाला तीन गोष्टी लागतात : पेट्रोलची वाफ व हवा यांचे योग्य मिश्रण, ते मिश्रण पुरेसे दाबले जाणे आणि नेमक्या क्षणी पडणारी ठिणगी. या तिन्ही असल्या तर इंजिन चालते. चालत नसेल, तर यांपैकी काहीतरी उणे आहे. पन्नास सुट्या भागांचा प्रश्न आता तीन प्रश्नांवर आला.

एक ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळण्यास सुमारे १५ ग्रॅम, म्हणजे जवळजवळ १२ लिटर हवा लागते. परंतु जळते ती पेट्रोलची वाफ. थंडीत पेट्रोलची वाफ कमी होते, म्हणून चोक ओढून हवा अडवावी लागते व पेट्रोलचे प्रमाण वाढवावे लागते. चोक नीट लागत नसेल, तर थंड इंजिन सुरू होत नाही. तोच चोक अडकून बसला, तर पेट्रोल जास्त होते, काळा धूर येतो आणि प्लग भिजतात. आज यात आणखी एका गोष्टीची भर पडली आहे. २०२५ साली भारतात पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांपर्यंत पोहोचले. एक ग्रॅम इथेनॉलला सुमारे ९ ग्रॅमच हवा पुरते. साहजिकच, निव्वळ पेट्रोलसाठी बसवलेल्या जुन्या जेटमधून येणारे इंधन या मिश्रणात थोडे कमी पडते.

आता प्लग काढून पाहा. बराच वेळ स्टार्टर मारूनही तो कोरडा असेल, तर पेट्रोल पोहोचत नाही. ओला असेल, तर पेट्रोल येते आहे. मग ठिणगी तपासावी, किंवा पेट्रोल अती होते का ते पाहावे. काजळीने काळा झाला असेल, तर इंधन जास्त आहे. एका लहानशा प्लगने किती साक्ष दिली पाहा! तो न पाहताच फेकून देणे म्हणजे पुरावाच फेकून देणे.

ठिणगीच्या बाबतीत ओहमचा नियम आठवा. मूळच्या विलीस जीपमध्ये ६ व्होल्टची बॅटरी असे. समजा, स्टार्टर १५० अँपिअर विद्युतप्रवाह घेतो आणि गंजलेल्या अर्थिंगच्या जोडाचा रोध केवळ ०.०१ ओहम आहे. १५० गुणिले ०.०१ म्हणजे १.५ व्होल्ट. बॅटरीचा चौथा हिस्सा त्या गंजातच खर्च झाला! स्टार्टर रडतखडत फिरतो, कॉइललाही दाब कमी मिळतो आणि ठिणगी अशक्त पडते. बिचारी कॉइल निर्दोष असूनही बदलली जाते. खरे तर तो जोड पॉलिश कागदाने घासून घट्ट आवळायचा होता.

इंजिन चालते पण गचके खाते, तेव्हा चारही सिलिंडर काम करतात का, हे पाहावे लागते. जाणकार मेकॅनिक एकेका प्लगची वायर क्रमाने काढून पाहतो. चालू सिलिंडरची वायर काढली की इंजिन आणखी मंदावते. ज्याची काढल्याने काहीच फरक पडत नाही, तो सिलिंडर निकामी. समजा, तो तिसरा निघाला. आता तिसऱ्याचा प्लग पहिल्याला आणि पहिल्याचा तिसऱ्याला लावा. बिघाड पहिल्या सिलिंडरकडे गेला, तर दोष प्लगचा. तिसऱ्याकडेच राहिला, तर प्लग निर्दोष. मग वायर, त्यानंतर दाब. दाब कमी असेल, तर त्या सिलिंडरमध्ये थोडे तेल घालून तो पुन्हा मोजतात. दाब वाढला तर रिंगा झिजल्याचा संशय, न वाढल्यास व्हॉल्व्हचा. प्रत्येक पायरीला एकच बदल केला जातो आणि प्रत्येक उत्तराबरोबर एक शक्यता गळून पडते.

गाडी कोणत्या परिस्थितीत बिघडते, हेही विचारावे. खडबडीत वाटेवर गचके बसल्यावर बंद पडत असेल, तर टाकीतला गंज ढवळून पेट्रोलच्या वाटेत आला असेल किंवा एखादी वायर सैल असेल. ओढा ओलांडल्यावर बंद पडली, तर डिस्ट्रिब्युटरचे टोपण ओले झाले का, ते आधी पाहावे. उभी असताना थरथरते पण वेग घेतल्यावर सुधारते, तर मॅनिफोल्डच्या जोडातून हवा शिरत असण्याचा संभव आहे. मंद चालीत इंजिन थोडीच हवा घेते, त्यामुळे फटीतून शिरणाऱ्या हवेचा वाटा मोठा ठरतो.

यावर कोणी म्हणेल, ‘संध्याकाळी रानात गाडी अडली, तर हे तर्कशास्त्र काय कामाचे?’ आक्षेप रास्त आहे. तेव्हा हाताशी असेल ते बदलावे आणि घर गाठावे. पण काढलेले भाग जपून ठेवून दुसऱ्या दिवशी एकेक परत लावावा. ज्याने बिघाड परत येतो, तो दोषी.

दुसरा आक्षेप असा, की कार्ब्युरेटरचा जमाना गेला. आता गाडीला यंत्र जोडले की ते बिघाड सांगते. काय सांगते? ‘पी०३०३’ हा संकेतांक म्हणजे तिसऱ्या सिलिंडरमध्ये ज्वलन चुकते आहे. का चुकते, ते शोधणे अजून माणसाकडेच आहे.

तिसरा आक्षेप सुरक्षिततेचा, आणि तो मला पूर्ण मान्य आहे. पेट्रोलजवळ ठिणगी नको, कॉइलचा दाब हजारो व्होल्ट असतो आणि बंद जागेत चालू इंजिनाचा धूर प्राणघातक ठरतो. इंजिनावरची ही कामे विद्यार्थ्यांनी स्वतः करू नयेत. पण शिक्षकांना माझी विनंती आहे, की हाच धडा टॉर्चचा सेल, बल्ब व घंटी यांच्या मंडलावर द्यावा. आपण गुपचूप एक दोष करून ठेवावा : आतून तुटलेली तार, संपलेला सेल किंवा स्विचच्या पट्टीवर कागदाचा कपटा. विद्यार्थ्यांनी आधी अंदाज वहीत लिहावा, एका वेळी एकच बदल करावा आणि शेवटी कारण पुराव्यानिशी सांगावे. नेहमीच्या प्रयोगांत उत्तर पुस्तकात आधीच छापलेले असते. येथे ते कोणत्याच पुस्तकात सापडणार नाही.

आणि मित्रांनो, घरातली सायकल, मिक्सर किंवा पाण्याचा पंप दुरुस्तीला गेला, तर परत आल्यावर एक प्रश्न जरूर विचारा : बिघाड कशात होता, आणि तो तेथेच आहे हे तुम्ही कसे ओळखलेत?