चूक कोणाची ?

पंप बंद पडला तर शेतकरी म्हणतो, ‘पंप बिघडला.’ शिवणयंत्राचा दोरा वारंवार तुटूं लागला तर गृहिणी म्हणते, ‘यंत्रांत दोष आहे.’ एस्. टी. घाटांत अडली तर उतारू स्वतःला बोल लावीत नाहींत; ते चालकास, आगारास आणि शेवटीं सरकारास लावतात. मनुष्यानें निर्माण केलेल्या यच्चयावत् यंत्रांत एकच असें निघालें आहे कीं, तें बिघडलें असतां करणाराची नव्हे, तर वापरणाराची मान खालीं जाते. तें यंत्र म्हणजे संगणक. आणि त्याच्या अंगांत बसून त्याचा सारा कारभार हांकणारी जी ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजेच संचालन-प्रणाली, तिच्याविषयीं आज आम्हांस चार शब्द बोलावयाचे आहेत. ते कडू लागले तर वाचकांनीं क्षमा करावी.

२०२४ सालच्या जुलैच्या अखेरीस कांहीं घरगुती कामानिमित्त आम्ही बीड जिल्ह्यांतील केज तालुक्यांत, नांदूरघाट येथें गेलों होतों. खरिपाच्या पीकविम्याची मुदत वाढून ती ३१ जुलैस संपावयाची होती. त्या सालीं शेतकऱ्यानें अवघा एक रुपया भरावयाचा, अशी योजना असल्यानें अर्ज भरण्यासाठीं गर्दी लोटली होती. सातबारा, बँकेचें पासबुक, आधारपत्र आणि पेऱ्याचें स्वयंघोषणापत्र प्लॅस्टिकच्या पिशवींत घालून एक वृद्ध बाई सकाळपासून बाकावर बसल्या होत्या. दुपार कलल्यावर त्यांची पाळी आली. यंत्रापुढें बसलेल्या तरुणानें अर्ज निम्म्याहून अधिक भरला, तोंच पडदा निळा झाला आणि त्यावर इंग्रजींत हुकूम झळकला : सुधारणा चालू आहे, यंत्र बंद करूं नका. टक्क्यांचे आंकडे मुंगीच्या पावलानें चढूं लागले. ते सत्ताविसावर असतां वीज गेली. बॅटरीनें थोडा वेळ तग धरला आणि तीही गेली. वीज परतल्यावर यंत्रानें झाल्या गोष्टी पुसून टाकून पहिल्यापासून आरंभ केला. तो तरुण शरमला. परंतु त्याच्याहून अधिक शरमल्या त्या बाई. त्या म्हणाल्या, ‘माझंच कागद कुठं उलटंसुलटं झालं असंल, लेकरा. आम्हाला काय कळतंय त्यातलं ?’

त्या बाईंनीं यंत्रास स्पर्शही केलेला नव्हता !

दुसऱ्या दिवशीं त्यांचा अर्ज भरला गेला, हें सांगितलें पाहिजे. पण खुरपणीचा एक रोज बुडाला तो बुडालाच, आणि दुसरा हेलपाटा पडला तो पडलाच. त्याहून आमच्या मनाला लागलें तें हें कीं, ज्या अपराधाशीं त्यांचा सुतराम संबंध नव्हता, तो त्यांनीं कोणी न विचारतां आपल्या पदरांत घेतला.

योगायोग पाहा. त्याच्या थोडेच दिवस आधीं, १९ जुलै २०२४ रोजीं, क्राउडस्ट्राइक या अमेरिकन सुरक्षा-कंपनीनें धाडलेल्या एका सदोष सुधारणेमुळें जगांतील सुमारें ८५ लाख विंडोज संगणक एकदम आडवे झाले होते. विमानें खोळंबलीं, रुग्णालयांचीं कामें अडलीं, आणि आपल्या देशांतील विमानतळांवर उतारूंना हातानें लिहिलेले बोर्डिंग पास देण्याची पाळी आली. कंपनीच्या मुख्याधिकाऱ्यास जगाची क्षमा मागावी लागली. त्या दिवशीं एकही प्रवासी ‘माझेंच तिकीट उलटें झालें असेल’ असें म्हणाला नसेल. विमानतळावर जो यंत्राचा अपराध ठरतो, तोच नांदूरघाटच्या बाकावर माणसाचें अज्ञान ठरावा, हा कोणता न्याय ?

हा उलटा न्याय रूढ होण्याचें एक कारण यंत्राच्या वाणींत आहे. पंप मुका असतो. संगणक बोलतो, आणि बोलतो तो फौजदाराच्या थाटांत. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत विंडोज वापरणारांना एक वाक्य पाठ झालें होतें : या कार्यक्रमानें बेकायदेशीर कृत्य केलें असून तो बंद करण्यांत येत आहे. वस्तुतः दोष आज्ञावली लिहिणाराचा. पण ‘बेकायदेशीर’ हा शब्द वाचून घाम फुटे तो बिचाऱ्या कारकुनास. पुढें ही भाषा सौम्य झाली, परंतु सौम्य होतां होतां ती निरर्थकही झाली. २०१५ सालीं विंडोजची दहावी आवृत्ती बसवितांना अनेकांच्या पडद्यावर जी सूचना उमटली तिचा मराठी अर्थ इतकाच : ‘कांहींतरी घडलें.’ काय घडलें, कां घडलें, आतां काय करावें, याचा पत्ता नाहीं. एखाद्या वैद्यानें नाडी पाहून ‘आपणांस कांहींतरी झालें आहे’ एवढेंच सांगून दक्षिणा घेतली, तर त्याच्या दारीं पुन्हां कोणी जाईल काय ?

यावर या विषयांतील जाणते म्हणतील कीं, सुधारणा बंद ठेवणें धोक्याचें आहे. तें आम्हांस मान्य आहे. २०१७ सालच्या मे महिन्यांत वॉनाक्राय नांवाच्या खंडणीखोर विषाणूनें अनेक देशांतील संगणक ओलीस धरले. त्यावरील उतारा मार्चमध्येंच उपलब्ध झाला होता, आणि ज्यांनीं तो घेतला नव्हता ते प्रामुख्यानें बळी पडले. तेव्हां औषध नको असें आमचें म्हणणें नाहीं. आमचें म्हणणें एवढेंच कीं, रोगी जेवत असतां त्याचें ताट ओढून घेऊन त्याच्या तोंडांत औषध ओतूं नये. काम कोणतें चालू आहे, वीज कितपत भरंवशाची आहे, पुढें किती माणसें ताटकळत आहेत, हें यंत्रास कळत नसेल, तर ज्यास कळतें त्या माणसास त्यानें विचारावें. आणि ‘आतां नको’ असें उत्तर आल्यास तें उत्तर समजावें. विजेचा व इंटरनेटचा अखंड पुरवठा गृहीत धरून बांधलेली ही प्रणाली जेव्हां बालाघाटाच्या मुलखांत येते, तेव्हां चूक मुलखाची नसते. गृहीत धरणाराची असते.

मराठी लिहिणारांचें गाऱ्हाणें तर याहून जुनें. यूनिकोड या सर्व लिप्यांच्या जागतिक संकेताची पहिली आवृत्ती १९९१ सालीं निघाली, आणि तींत देवनागरीस स्थान होतें. परंतु मराठींत नित्य लागणाऱ्या ‘ॲ’ या अक्षरास तेथें स्वतंत्र जागा मिळाली ती २००८ सालीं ! मधलीं सतरा वर्षें मराठी माणसानें ‘ऍ’ अशा परक्या वळणावर किंवा दुसऱ्या एखाद्या क्लृप्तीवर भागविलें. २००१ सालच्या विंडोज एक्सपींत देवनागरी होती खरी, पण ती निद्रिस्त. तिला जागें करण्यासाठीं मूळ तबकडी शोधून आणावी लागे. त्यामुळें ज्याला जो फाँट मिळाला तो त्यानें वापरला. आज कित्येक सुशिक्षित घरांत अशी स्थिति आहे कीं, वडिलांनीं पंचवीस वर्षांपूर्वीं हौसेनें टंकून ठेवलेल्या आठवणी नव्या संगणकावर उघडाव्या, तों पडद्यावर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा उकिरडा दिसावा. लिहिणारा गेला, लिहिलेलें आहे, आणि वाचतां मात्र येत नाहीं. ही हानि कोणत्या जमाखर्चांत मांडावयाची ?

‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ हे दोन शब्द घ्या. पहिल्यांना वंदन करावयाचें, दुसऱ्यांना स्वयंपाक सांगावयाचा. हा भेद दाखविणारा अर्धा ‘र’ संगणकावर दोन निरनिराळ्या रीतींनीं लिहितां येतो. डोळ्यांस दोन्ही रूपें एकच दिसतात. यंत्रास तीं भिन्न वाटतात. म्हणून एका रीतीनें लिहिलेलें नांव दुसऱ्या रीतीनें शोधूं गेल्यास ‘असा शब्द सांपडत नाहीं’ असें निर्लज्ज उत्तर मिळूं शकतें. शोधणारा मात्र आपलें शुद्धलेखनच कच्चें, असें समजून मुकाट्यानें उठतो.

आणखी एक अन्याय नुकताच घडला आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं विंडोजच्या दहाव्या आवृत्तीस मिळणारें मोफत संरक्षण संपलें. कांहीं अटींवर वर्षभराची सवलत मिळाली ती निराळी. अकराव्या आवृत्तीला ठराविक पिढीचा प्रोसेसर आणि सुरक्षेची विशिष्ट चीप लागते. म्हणजे जो संगणक फुटला नाहीं, झिजला नाहीं, ज्यावर मुलें अजून धडे गिरवीत आहेत, तो केवळ दूर बसलेल्या मालकाच्या शब्दाखातर म्हातारा ठरला. श्रीमंत कचेरी नवा घेईल. खेड्यांतील शाळेनें काय करावें? तिला उपाय नाहीं असेंही नाहीं. लिनक्सवर आधारलेल्या मुक्त प्रणाली जुन्या यंत्रांवरही चालतात. केरळानें आपल्या सरकारी शाळांत त्या रुजवून दाखविल्या. आमच्या पुण्यांत जिचें मुख्य ठाणें, त्या सी-डॅक संस्थेनें ‘बॉस’ नांवाची अशीच भारतीय प्रणाली २००७ सालीं काढली. पण आमच्याकडे तिचें नांव तरी किती शिक्षकांस ठाऊक आहे ? मुक्त प्रणालींतही अडचणी आहेत, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु तेथें निदान दार उघडण्याची किल्ली आपल्या हातीं असते.

आतां थोडें स्वतःकडे पाहूं. कारण सगळें खापर परदेशी कंपन्यांवर फोडून मोकळें होणें सोपें आहे. या उलट्या न्यायाचे पाठीराखे आम्ही सुशिक्षित मध्यमवर्गीयच आहों. या शतकाच्या आरंभापासून महाराष्ट्रांत लाखों लोकांनीं एम्‌एस्‌-सीआयटीचा अभ्यासक्रम पुरा केला. त्यांत कळी कोठें दाबावी हें शिकविलें. पण यंत्र चुकूं शकतें, आणि चुकल्यास त्याला चूक म्हणावें, हें आम्हीं कोणास शिकविलें नाहीं. घरांत काय चालतें ? ज्या आजोबांनीं चाळीस वर्षें हिशेबांत पैची चूक होऊं दिली नाहीं, त्यांच्या हातून पडद्यावरची एक खिडकी नाहींशी झाली कीं नातू ओरडतो, ‘आजोबा, तुम्ही हात लावूं नका !’ आणि आजोबा खरोखरच हात लावीत नाहींत. पुन्हां कधींच लावीत नाहींत. नांदूरघाटच्या बाकावर जें आम्हीं पाहिलें, तेंच आमच्या दिवाणखान्यांत रोज घडतें. फरक इतकाच कीं, येथें यंत्राच्या बाजूनें बोलणारा आमच्याच रक्ताचा असतो.

म्हणून आमच्या मागण्या थोड्या आणि साध्या आहेत. सरकारनें सार्वजनिक पैशानें संगणक घेतांना विक्रेत्यास अट घालावी कीं, लोकांचें काम चालू असतां प्रणाली आपल्या मर्जीनें थांबणार नाहीं, आणि तिची प्रत्येक सूचना शुद्ध व सुबोध मराठींत, कारण आणि उपाय यांसह मिळेल. धडधाकट यंत्रें भंगारांत काढण्यापूर्वीं त्यांवर मुक्त प्रणाली चालते कीं नाहीं, याची परीक्षा व्हावी. आणि अर्जाची मुदत यंत्राच्या अपराधानें हुकली, तर तिची भरपाई अर्जदारानें करावी लागूं नये.

या मागण्या मान्य होतील तेव्हां होतील. एक गोष्ट मात्र आजच आपल्या हातीं आहे. यापुढें घरांत, शाळेंत किंवा सेवाकेंद्रांत कोणी वडीलधारें माणूस ओशाळून ‘माझेंच कांहीं चुकलें असेल’ असें म्हणूं लागलें, तर त्यास तेथल्या तेथें सांगावें : ‘नाहीं, आजी, तुमचें कांहीं चुकलेलें नाहीं. हें यंत्र चुकलें.’ नांदूरघाटास त्या दिवशीं हें वाक्य आमच्या ओठांवर आलें होतें. पण आम्ही तें बोललों नाहीं. ती चूक मात्र निःसंशय आमचीच.